चव आणि वासना

माझ्या आजीच्या तोंडी जेवणाबद्दलच्या दोन तक्रारी असत आणि आम्ही घरातले सगळे त्या दोन्हींचा अर्थ एकच लावत असू. तापातून उठली की ती म्हणे, "तोंडाला चव नाही." आयुष्याच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत मात्र तिचे वाक्य बदलले आणि ती म्हणू लागली, "अन्नावर वासनाच नाही." आई बिचारी दोन्ही वेळी एकच उपाय करी : मेतकूट-भातावर तूप, मुरलेले लिंबाचे लोणचे, आमसुलाचे सार, म्हणजे जिभेला जाग येईल असे काहीतरी. नवल असे की लोणच्याची फोड तोंडात गेली की आजीचा चेहरा खुलत असे, ती ओठ चाटत असे, "छान मुरलंय" असे सांगत असे आणि मग ताट पुढे सरकवून स्वस्थ बसत असे. दुसरी फोड तिने कधी मागितली नाही. आवडते आहे आणि तरीही नको आहे, हे कोडे आम्हाला सुटले नाही. काही नातेवाइकांनी त्याला हट्ट म्हटले आणि खरे सांगायचे तर मीही मनातून तसेच समजत होतो.

मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. शेंडा गोडाचा, कडा आंबटाच्या आणि मागची बाजू कडूची, अशी जिभेची आकृती फळ्यावर काढून मुलांकडून तिच्या भागांना नावे देऊन घेण्याचे पाप माझ्या नावावर जमा आहे. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत किंचित फरक असतो, एवढेच दाखवले होते. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात तो फरक अशा रीतीने मांडला गेला की वाचणाऱ्यांना जिभेवर सरहद्दी दिसू लागल्या. प्रत्यक्षात रुचिकलिका जिथे जिथे आहेत तिथे तिथे पाचही चवी ओळखल्या जातात. परंतु या आकृतीचा दोष सरहद्दींपुरताच नाही, असे मला आता वाटते. ती आकृती पाहून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की चवीचा विषय जिभेवरच संपला. वास्तविक जिभेने 'गोड' असे कळवल्यानंतर पुढचा घास घ्यायचा की नाही, आणि घास समोर नसेल तर त्याच्या शोधात उठायचे की नाही, हे कोण ठरवते, हा खरा प्रश्न असतो आणि तो मी वर्गात कधी विचारलाच नाही.

त्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला माशीच्या अभ्यासात सापडले. माशीला चव पायांनीसुद्धा कळते. तिच्या पायांवर आणि सोंडेच्या टोकावर बारीक पोकळ केस असतात आणि प्रत्येक केसात चव ओळखणाऱ्या मोजक्या चेतापेशी असतात, त्यामुळे ती पदार्थावर उतरते त्याच क्षणी तो गोड आहे की कडू, हे तिला समजलेले असते. सोंड नंतर खाली येते. व्हिन्सेंट डेथियर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने आपल्या आयुष्यातली कित्येक वर्षे मांसावर बसणाऱ्या एका मोठ्या काळ्या माशीला साखरपाणी चाखवण्यात घालवली. उपाशी माशीच्या सोंडेवरच्या एकाच केसाला पातळ साखरपाण्याचा स्पर्श झाला तरी सोंड पुढे येते. पोट भरलेल्या माशीला तेच पाणी लावले तर ती ढिम्म हलत नाही. तिची सोंड बाहेर काढायची तर कितीतरी पट दाट पाक लागतो. म्हणजे पाणी तेच आणि केसही तोच असून उत्तर मात्र वेगळे येते.

डेथियर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण तर मला त्यांच्या सगळ्या कामातले सर्वांत सुंदर वाटते. उपाशी माशीला साखरपाण्याचा अगदी लहान थेंब द्यायचा आणि तो संपला की नुसते पाहत बसायचे. माशी उडून जात नाही आणि सरळही चालत नाही. ती त्या जागेभोवती वळसे घेत, पुन्हा पुन्हा मागे फिरत चालू लागते. ज्या ठिकाणी एक थेंब सापडला तिथे आणखी असण्याचा संभव जास्त, असा हिशेब जणू तिच्या पायांत भरलेला असतो. थेंब जितका गोड आणि माशी जितकी भुकेली, तितका हा शोध जोरात आणि जास्त वेळ चालतो. हे वाचल्यावर मी ओट्यावर सुईच्या टोकाने पाकाचा ठिपका ठेवून एका घरमाशीची वाट पाहिली. ती आली, तिने तो टिपला आणि सांगितल्यासारखी त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालू लागली. (घरातून "तिला हाकलायचं सोडून बघत काय बसलाय?" असा प्रश्न आला, तो योग्यच होता.) चव केव्हाच संपली होती, पण ती तिच्या चालण्यात उतरली होती. नुसती सोंड बाहेर येणे ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणता येईल. संपलेल्या चवीच्या जोरावर न दिसणाऱ्या अन्नाचा शोध घेणे याला मात्र निर्णयाच्या जवळपासचे काहीतरी म्हणावेच लागते.

हा शोध थांबवणारी गोष्टही डेथियर यांना सापडली होती. माशीच्या आतड्याच्या पुढच्या भागाकडून मेंदूकडे जाणारी एक बारीक चेता कापली, तर माशी खातच राहते आणि तिचे पोट फुगून तट्ट होते. जीभ 'गोड आहे' म्हणत राहते आणि 'आता पुरे' हा निरोप पोटाकडून पोहोचतच नाही.

या अभ्यासाचा एक धागा मुंबईतून जातो, याचा मला मराठी वाचक म्हणून विशेष आनंद वाटतो. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि सत्तरच्या दशकात तिथे फळमाशीच्या, म्हणजे आपल्या पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटाच्या, चवीचा आणि वासाचा जनुकीय अभ्यास उभा राहिला. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोवेकर कुटुंबातल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून त्यासाठी मुंबईत आल्या. ठरावीक शर्करा ओळखण्यात कच्च्या, पण बाकीच्या चवी नीट कळणाऱ्या माश्या त्या दोघांनी शोधून काढल्या आणि १९८१ मध्ये त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध झाला. 'गोड' ही आपल्याला एकसंध वाटणारी संवेदना चेतापेशींवरच्या निरनिराळ्या ग्राहकांच्या, म्हणजे चवीचे रेणू टिपणाऱ्या रिसेप्टरांच्या, कामातून बनते, हे कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेत अशा माश्यांमुळे कळू लागले. आमच्या पाठ्यपुस्तकांत यातले एक अक्षर नव्हते, आणि कुलाब्याहून फार लांब नसलेल्या शाळेत मी तो खोटा नकाशा काढत बसलो होतो.

त्यानंतर चिलटाच्या मेंदूत बरेच खोलवर जाता आले आहे. माशी थोडी उपाशी राहिली की डोपामीन हे रसायन थेट गोड ओळखणाऱ्या चेतापेशींवरच काम करते आणि त्या अधिक हळव्या होतात. उपासमार आणखी लांबली की कडूची संवेदना बोथट होते, म्हणजे एरवी नाकारलेले अन्नही चालवून घेतले जाते. भुकेला कोंडा गोड लागतो असे आपण म्हणतो, त्यातली अर्धी गोष्ट इतकी शब्दशः खरी असेल असे मला वाटले नव्हते. २०२४ मध्ये चिलटाच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला : १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या ५ कोटींच्या वर जोडण्या. त्या नकाशाची संगणकावर प्रतिकृती करून तीत फक्त गोड ओळखणाऱ्या पेशी 'जाग्या' केल्या, तर सोंड हलवणाऱ्या पेशींपर्यंत निरोप कोणत्या वाटेने जाईल याचे भाकीत करता आले आणि खऱ्या माश्यांवरील प्रयोगांत ते बरेचसे बरोबर ठरले. कडूच्या पेशी त्याच वाटेवर अडसर घालतात, हेही त्यात दिसले.

सस्तन प्राण्यांकडे आले की वाट लांबते. जिभेवरून निघालेला निरोप आधी मेंदूच्या खोडाशी, म्हणजे मस्तिष्कस्तंभात पोहोचतो आणि तिथून वर चढत इन्सुला या मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, भागाकडे आणि पुढे डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर असलेल्या अग्रभागाकडे जातो. खालच्या पायरीवर किती काम होते आणि वरच्यावर किती, हे १९७८ मध्ये हार्वी ग्रिल आणि राल्फ नॉर्ग्रेन यांनी एका कठोर प्रयोगातून दाखवले. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या मेंदूशी संबंध तोडलेला उंदीर तोंडात गोड पडले तर जीभ बाहेर काढून चाटतो आणि कडू पडले तर 'आ' करून ते बाहेर टाकतो. त्याचे पोट भरल्यावर तो गोडही नाकारू लागतो. परंतु तो स्वतः उठून अन्नाकडे जात नाही आणि एखाद्या पदार्थाने आजारी पडल्यावर त्या पदार्थाला टाळायला तो शिकत नाही. म्हणजे तोंड वेडेवाकडे करण्याची आणि पुरे म्हणण्याची सोय खालीच आहे. शोधायला निघणे आणि आठवण ठेवणे यांसाठी मात्र वरचा मजला लागतो.

इथपर्यंत आल्यावर मला आजीची आठवण होणे अपरिहार्य होते, पण तिचे वाक्य खऱ्या अर्थाने समजले ते केंट बेरिज यांच्या कामामुळे. मिशिगन विद्यापीठातल्या या संशोधकाच्या उमेदीच्या काळात डोपामीन म्हणजे सुखाचे रसायन, असे बहुतेक सगळे मानत होते. डोपामीन नष्ट केलेल्या उंदरांसमोर अन्न ठेवले तरी ते खात नाहीत, त्यांना नळीने भरवावे लागते, नाहीतर ते अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी मरतात. त्यावरून त्यांना अन्नातले सुखच कळत नसावे, असा अर्थ काढला जाई. १९८९ मध्ये बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांच्या तोंडात साखरपाण्याचे थेंब सोडले आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बारकाईने पाहिले. उंदीर नेहमीच्या उंदरांइतक्याच गोडीने ओठ चाटत होते. सुख शाबूत होते, पण त्या सुखासाठी पाऊल उचलण्याची ओढ गेली होती. पुढे उलट बाजूही तपासली गेली : जनुकीय बदलामुळे ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामीनचा प्रभाव वाढला होता, ते गोडासाठी जास्त वेगाने धावत, परंतु गोड तोंडात पडल्यावर ते इतरांपेक्षा जास्त चाटत नसत.

आवडणे आणि हवेसे वाटणे यांची मेंदूतली यंत्रणा वेगळी आहे, हे सिद्ध व्हायला १९८९ साल उजाडावे लागले, आणि आमची आजी मात्र 'चव नाही' आणि 'वासना नाही' ही दोन वाक्ये कधी एकमेकांच्या जागी वापरत नव्हती. वर्तमानपत्रांनी 'वासना' या शब्दाला एकाच गुन्हेगारी अर्थाच्या जोखडाला जुंपून टाकले आहे, हे मला फार वाईट वाटते. घरातल्या बायका तो अन्नाबद्दल अगदी सहज वापरत. आजीच्या मेंदूत नेमके काय झाले होते, याचे निदान करण्याचा मला अधिकार नाही आणि म्हातारपणी भूक मंदावण्याला दहा कारणे असतात. एवढेच म्हणतो की ती जे सांगत होती ते शब्दशः खरे असू शकते, ही शक्यता आमच्यापैकी कोणाच्याही मनात आली नाही.

वासना शरीराच्या गरजेप्रमाणे किती झपाट्याने बदलते, याचे सर्वांत प्रभावी उदाहरण मिठाचे आहे. १९४० मध्ये बाल्टिमोरच्या विल्किन्स आणि रिक्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मीठ अक्षरशः मुठीने खात असे आणि बोलायला शिकताना त्याने उचललेल्या पहिल्या काही शब्दांत 'मीठ' हा शब्द होता. रुग्णालयात दाखल केल्यावर त्याला इतर मुलांसारखा नेहमीचा आहार दिला गेला आणि सात दिवसांत तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या, ग्रंथींचा विकार उघड झाला. त्या ग्रंथींविना शरीरात मीठ टिकत नाही. मूल जे लाडाने मागत आहे असे सर्वांना वाटले, त्याच्यावरच ते जगत होते.

बेरिज आणि माइक रॉबिन्सन यांनी २०१३ मध्ये याच विषयावर केलेला प्रयोग मी दोन-तीनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. पिंजऱ्यात एक दांडी पुढे आली की उंदराच्या तोंडात समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारट पाणी सोडले जाई. साहजिकच थोड्याच दिवसांत उंदीर ती दांडी दिसताच भिंतीकडे पळू लागले. मग औषधे देऊन त्यांच्या शरीरात सोडियमचा तुटवडा निर्माण केला गेला. असा तुटवडा त्यांनी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता आणि त्या स्थितीत मीठ चांगले लागते, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी दांडी पुढे आली, तेव्हा खारट पाण्याचा थेंबही न मिळता ते धावत जाऊन तिला हुंगू आणि कुरतडू लागले. कालपर्यंतची शिकवण तशीच होती, चवीची आठवणही तीच होती, फक्त शरीराने प्रश्न वेगळा विचारल्यावर मेंदूने त्याच आठवणीतून उलट उत्तर काढले.

आठवणीचा जोर उलट्या दिशेने चालतो तेव्हा काय होते, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. मी बारा-तेरा वर्षांचा असताना पाडव्याला श्रीखंड-पुरी यथेच्छ खाल्ली आणि मध्यरात्री मला उलट्या सुरू झाल्या. गल्लीत उलट्या-जुलाबांची साथ होती, ज्यांनी श्रीखंड पाहिलेही नव्हते अशी मुलेही आजारी होती आणि आमच्या घरात तेच श्रीखंड खाऊन बाकीचे ठणठणीत होते. हे सगळे मला तेव्हाही कळत होते. तरी आज साठी उलटल्यावरही आंबूस चक्क्यात मिसळलेल्या जायफळाचा वास आला की पोटात ढवळते. बासुंदीतले जायफळ मला आवडते, हे विशेष. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजून त्यांना किरणोत्सर्गाने आजारी पाडले, तेव्हा ते त्या पाण्याला पुन्हा तोंड लावीनासे झाले. पुढे १९६६ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट कोलिंग यांनी दाखवले की पाणी पिताना चव, प्रकाश आणि आवाज हे तिन्ही एकदम असले आणि नंतर उंदीर आजारी पडला, तर तो दोष चवीला देतो. त्याऐवजी विजेचा झटका बसला, तर तो दोष प्रकाश-आवाजाला देतो. खाणे आणि मळमळ यांच्यात काही तासांचे अंतर असले तरी ही गाठ पडते, तीही एकाच अनुभवात. पावलॉव्हच्या कुत्र्यांच्या प्रयोगाप्रमाणे घंटा आणि अन्न यांच्यात क्षणांचेच अंतर असावे लागते असे मानणाऱ्या त्या काळच्या मानसशास्त्रज्ञांना हे पचले नाही. माझ्या मेंदूने पाडव्याच्या रात्री साथीचा विचार केला नाही. ज्याच्यावर खापर फोडण्यासाठी तो बनला आहे त्यावर त्याने ते फोडले. संस्कृत दर्शनांत 'वासना' म्हणजे पूर्वानुभवाने चित्तावर उरलेला ठसा. श्रीखंडाच्या बाबतीत तो अर्थही मला नाकारता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ती प्रत्येक मराठी माणसाने पंगतीत अनुभवली आहे. मसालेभात नको नको म्हणून पानावर आडवा हात धरणारा पाहुणा जिलबीला हात मागे घेतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवले की पोटभर खाल्लेल्या पदार्थाची गोडी जितकी उतरते तितकी न खाल्लेल्या पदार्थांची उतरत नाही. एडमंड रोल्स यांनी माकडांमध्ये त्याची जागाही शोधली. माकडाला साखरपाणी पोट भरेपर्यंत पाजले, तरी इन्सुलातल्या चेतापेशी 'गोड' असे पूर्वीइतक्याच जोराने कळवत राहतात. मेंदूच्या अग्रभागातल्या काही पेशी मात्र साखरपाण्यापुरत्या गप्प होतात आणि दुसरा पदार्थ आला की पुन्हा बोलू लागतात. पदार्थ काय आहे हे एका ठिकाणी नोंदले जाते आणि तो आता हवा आहे का, हे दुसऱ्या ठिकाणी. पाहुण्याचा हात दुसऱ्या ठिकाणच्या हुकमाने मागे गेलेला असतो, यजमानाच्या आग्रहाने नव्हे.

आजीच्या शेवटच्या उन्हाळ्यात माझी मावशी आमच्याकडे येऊन राहिली होती. आई दर जेवणाआधी आजीला विचारत असे, "काय करू तुमच्यासाठी? काय खावंसं वाटतंय?" आणि दर वेळी "काही नको" हे उत्तर ऐकून हिरमुसली होत असे. मावशीने हा प्रश्न विचारणेच बंद केले. ती आमरसाची वाटी घेऊन शेजारी बसे, गल्लीतल्या लग्नाच्या गोष्टी सांगे आणि बोलता बोलता चमचा आजीच्या ओठांशी नेई. आजी तोंड उघडे, चव घेई, गोष्टीतल्या नवऱ्यामुलाची चौकशी करी, आणि तेवढ्यात पुढचा चमचा येई. वाटी संपली की ती वाटीकडे बघून थोडी चकित होत असे. "एवढं मी खाल्लं?" असे ती विचारी, आणि मावशी "हापूस होता" एवढेच सांगून वाटी विसळायला उठे.